वाटीच्या तळाचं पाणी

त्या घरात गेली चार वर्षं काकडी पिळून वाढली जायची. हसण्यासारखीच गोष्ट आहे, पण हसू नका. बाई काकडी सोलायची, किसायची, पातळ फडक्यात बांधायची आणि धुणं पिळावं तशी मनगट दुखेपर्यंत पिळायची. खाली वाटीत हिरवट पाणी जमायचं, ते सरळ मोरीत. फडक्यात उरायचा तो चोथा. त्यावर लिंबाचे दोन थेंब, मीठ नावालासुद्धा नाही. ताटात तो चोथा आला की नवरा एकदा त्याच्याकडे बघायचा, एकदा तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "आला का भुसा?"

आणि खायचा बिचारा. न खाऊन सांगतो कोणाला!

नवरा नळाची कामं करायचा. आयुष्यभर तेच केलं. गल्लीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे आणि तिला मिस्त्रीणबाई. ज्या माणसाने चाळीस वर्षं लोकांच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावर पाणी चढवलं, रात्री-अपरात्री फुटलेल्या पाइपांवर हात दाबून धरले, ज्याचे कपडे कधी कोरडे म्हणून घरी आले नाहीत, त्या माणसाची मूत्रपिंडं निकामी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला पाऊण लिटर पाणी. चहा, औषधाचं पाणी, आमटीचा रस, सगळं त्यातच. नशिबाला थट्टा करायची असली की ते माणूस बरोबर हेरतं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. चार-चार तास मशिनला बांधलेलं. आत जाताना वजनकाट्यावर उभं राहायचं. दोन दिवसांत वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी. वजन जास्त भरलं की तिथली सिस्टर डोळे वटारायची, "काय मिस्त्री, नळाखाली तोंड उघडून झोपला होता का?" मिस्त्री काट्यावरून उतरायचे आणि मिस्त्रीणबाईच मान खाली घालायची, जणू चोरी तिची पकडली गेली.

म्हणून तिने मोजायला घेतलं. सकाळी उठली की पहिलं काम, एका बाटलीत पाऊण लिटर पाणी. बाटलीवर चिकटपट्टीच्या खुणा: इथपर्यंत चहा, इथपर्यंत सकाळच्या गोळ्या, इथपर्यंत जेवण. आणि मग एकदा तिथल्या आहारवाल्या बाईंच्या तोंडून सहज निघून गेलं, "फळाभाजीतही पाणी असतंच हं." झालं! त्या आपल्या बोलून मोकळ्या झाल्या, इकडे हिच्या डोक्यात ते खिळ्यासारखं बसलं. दुसऱ्याच दिवशी काकडी फडक्यात गेली. पुढे सिस्टरला हे कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, चार चकत्यांनी काही आभाळ कोसळत नाही!" पण मिस्त्रीणबाई कसली ऐकते. चाराच्या आठ होतात, आठाची अख्खी काकडी होते, असं तिचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटायची. रोज, उठल्यापासून झोपेपर्यंत. पिळताना ती भीती जरा कमी व्हायची, म्हणून ती पिळायची.

आणखी एक गोष्ट ती करायची, ती मात्र कोणाला माहीत नव्हती. ती नवऱ्यासमोर पाणी प्यायची नाही. पहिल्या आठवड्यात एकदा ती उन्हातून आली होती, फुलपात्र भरून घटाघटा प्यायली आणि वळून बघते तर मिस्त्री तिच्या गळ्याकडे बघत होते. मग तोंड फिरवून बसले. त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला. बाथरूममध्ये बादलीच्या मागे एक छोटा मग ठेवला. तहान लागली की आत जायचं, कडी लावायची, नळ अर्धवट सोडायचा, उभ्याउभ्या दोन घोट, तोंड पदराला पुसून बाहेर. चार वर्षं. जेवणात ठसका लागला तरी हीच धावपळ.

त्यातून स्वयंपाकघरातला नळ गळका. मिस्त्रीच्या घरचा नळ गळका म्हणजे दिव्याखाली अंधार! पण मशिनच्या सुया खुपसायला डाव्या हाताच्या शिरेची मोठी गाठ करून ठेवलेली, त्या हाताला जोर लावायची बंदी. दुसऱ्या कोणाला बोलवू म्हटलं तर मिस्त्री भडकायचे, "माझ्या घरात दुसरा मिस्त्री? मी मेल्यावर आणा काय आणायचा तो." मग तिने नळाच्या तोंडाला एक चिंधी बांधली, म्हणजे पाणी चिंधीवरून गुपचूप बादलीत उतरेल, टपटप ऐकू येणार नाही. तहानलेल्या माणसाला रात्रंदिवस टपटप ऐकवायची म्हणजे काय!

तर ती चिंधी त्या शनिवारी सकाळी ओट्यावर पडलेली दिसली.

मिस्त्रीणबाई आंघोळ करून आली तर मिस्त्री मोरीपाशी पाटावर बसलेले. पुढ्यात हत्यारांची पिशवी. दोन वर्षांत ती पिशवी माळ्यावरून खाली आली नव्हती. कशी काढली कोण जाणे. कपाळावर घाम होता आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"अहो! हे काय आरंभलंय?"

"ओरडू नकोस. इकडे ये, पाना धर."

"डावा हात..."

"डाव्याने काही करत नाहीये. म्हणून तर तुला बोलावतोय. धर इथे. घट्ट. अगं घट्ट म्हणजे घट्ट, लाडात नको."

तिने पाना धरला. मिस्त्रींनी उजव्या हाताने नळाचं डोकं काढलं, आतला झिजलेला वॉशर चिमटीत धरून तिच्यासमोर नाचवला. "हा बघ. एवढ्याशा रबराने दीड वर्ष छळलं." नवा बसवला. मग म्हणाले, आता तू काढ आणि तू बसव. तिने काढला, उलटा बसवला, शिव्या खाल्ल्या, पुन्हा बसवला. मग ओट्याखालचा कॉक दाखवला, संडासाच्या मागचा दाखवला, जिन्यातला घराचा मुख्य कॉक दाखवला. प्रत्येकावर पांढरी पट्टी चिकटवली आणि पेनाने लिहिलं: स्वयंपाकघर, बाथरूम, सगळं घर. अक्षर थरथरलं होतं, पण लागत होतं.

"मला कशाला शिकवताय आता म्हातारपणी? तुम्ही आहात ना," ती म्हणाली.

"हात शिकलेला बरा असतो," मिस्त्री म्हणाले आणि भिंतीला टेकून दम खात बसले.

तिने नळ उघडला, बंद केला. थेंब नाही. पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. काय आनंद झाला तिला! आता बघा, माणूस एवढं आयुष्य काढतो, शेजारणीच्या घरातलं बरोबर ओळखतो, आणि स्वतःच्या घरात नेमकं उलटं समजतो. तिला वाटलं, जीव आला यांच्यात. गेले दोन महिने मशिनवर बसलं की यांचा रक्तदाब पार तळाला जात होता, दोनदा तर डॉक्टरांनी धावपळ करून परत आणलं होतं. घरी आले की दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. आणि तोच माणूस आज हत्यारं घेऊन बसला, चिडला, शिव्या दिल्या. तिचा जीव भांड्यात पडला. तिने लगेच मुलीला फोन लावला. मुलगी परगावी, शाळेत शिकवायची.

"अगं, तुझ्या बाबांनी नळ दुरुस्त केला!"

"बाबांनी? एकट्याने?"

"मला हाताखाली घेऊन! वर माझीच अक्कल काढली."

मुलगी हसली. दोघी हसल्या. किती दिवसांनी.

फोन ठेवला तर मिस्त्री दारात उभे. "ऐक. आज काकडी कर."

"करते की. रोजच तर..."

"तो भुसा नको. पूर्वीसारखी कर. न पिळता. मीठ घालून."

"हो, आणि वर एक बादली पाणी देते प्यायला," ती म्हणाली. नळ दुरुस्त झाल्याच्या खुशीत तिला तो लाडिक हट्टच वाटला. मिस्त्री हसले नाहीत. "चांगल्या कोवळ्या आण," एवढं म्हणून बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले.

तिने पिशवी घेतली आणि कोपऱ्यावर गेली. भाजीवालीने विचारलं, मिस्त्री कसे आहेत, तर हिने वॉशरपासून मुख्य कॉकपर्यंत सगळं रामायण ऐकवलं. भाजीवाली म्हणाली, "मग माझ्याकडचा पण नळ बघायला पाठवा," आणि स्वतः निवडून तीन काकड्या दिल्या. बारीक, सडसडीत, अंगावर अजून लव असलेल्या. मिस्त्रीणबाई येताना वाटेतच ठरवत आली, आज दोन चकत्या न पिळता देऊ. दोनच. उरलेली पिळून. माणसाने एवढं काम केलंय.

काकड्या धुऊन तिने पाटावर ठेवल्या आणि विळीपाशी बसणार तोच फोन वाजला. डायलिसिसच्या ठिकाणची सिस्टर होती. नेहमी खणखणीत बोलणारी बाई, आज आवाज खाली.

"मिस्त्रीणबाई, बसल्या आहात ना? एक विचारायचं होतं. मिस्त्री काल म्हणाले, सोमवारपासून ते येणार नाहीत. म्हणजे कधीच नाही. त्यांचं डॉक्टरांशी दोनदा बोलणं झालंय. डॉक्टर म्हणाले, निर्णय त्यांचा आहे, पण घरी माहीत हवं. मिस्त्री म्हणाले, घरी मी सांगतो. सांगितलं का त्यांनी?"

मिस्त्रीणबाईने नव्या वॉशरच्या नळाकडे बघितलं. ओट्याखालच्या पांढऱ्या पट्टीकडे बघितलं. स्वयंपाकघर, असं लिहिलं होतं.

"हो," ती म्हणाली. "सांगितलं."

"डॉक्टर उद्या संध्याकाळी तुम्हाला फोन करतील. दम लागला, दुखलं, तर काय द्यायचं ते सगळं सांगतील. तुम्हाला एकटं सोडणार नाही आम्ही. मला फार वाईट वाटतंय हो."

फोन बंद झाला. ती बाहेरच्या खोलीत गेली. मिस्त्री खुर्चीत होते, डोळे मिटलेले, पण झोपलेले नव्हते.

"सिस्टरचा फोन होता," ती म्हणाली.

मिस्त्रींनी डोळे उघडले. "मी जेवताना सांगणार होतो."

"जेवताना! काकडी खाता खाता?"

"हो."

आता तिच्या अंगाची लाहीलाही झाली. "लाज नाही वाटत? सबंध सकाळ मला पाना धरायला लावलात, मी वेड्यासारखी नाचतेय, लेकीला फोन करून सांगतेय, सगळ्या गल्लीला सांगून आले! आणि तुम्ही मनातल्या मनात बांधाबांध करताय? किती दिवस आहेत? विचारलंत डॉक्टरांना?"

"आठवडा. दहा दिवस. नक्की कोणी सांगत नाही."

"आणि मशिनवर जात राहिलात तर?"

"तर आणखी काही आठवडे. कदाचित दोन-तीन महिने. पण हृदय थकलंय म्हणाले. एखाद्या दिवशी तिथेच, सुया टोचलेल्या असताना..." मिस्त्रींनी डावा हात उजव्या हाताने मांडीवर नीट ठेवला. "मला तिथे जायचं नाही. मला इथे राहायचंय. ही खुर्ची, ते दार, तुझी कटकट."

"मला विचारलंत?"

"नाही."

"का नाही?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. आणि मी ऐकलं असतं."

तिला रडायला येत होतं आणि राग इतका होता की रडूही येईना. "चार वर्षं," ती म्हणाली, "चार वर्षं मी थेंब न थेंब मोजला. तुमच्या शिव्या खाल्ल्या. लोक हसले. मनगटं गेली माझी पिळून पिळून. ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी?"

"तू मोजलंस म्हणून चार वर्षं मिळाली. पहिल्या डॉक्टरने दीड सांगितली होती."

हे तिला माहीत नव्हतं. पण त्या क्षणी तिला काही माहीत करून घ्यायचंही नव्हतं. ती तरातरा आत आली. दोन काकड्या किसणीवर धरल्या आणि सालीसकट किसल्या. बोटाला किसणी लागली, तरी थांबली नाही. कीस फडक्यात घातला, गाठ मारली आणि पिळला. असा पिळला, असा पिळला की जुनं फडकं टर्रकन फाटलं आणि अर्धा चोथा वाटीत पडला. तोही मुठीने दाबून काढला. ताटलीत आपटला, बाहेर नेला आणि मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवला.

"घ्या. या घरात हेच मिळेल."

मिस्त्रींनी ताटलीकडे बघितलं. भुसा म्हणाले नाहीत. वाद घातला नाही. "ठेव," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. ते भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

ती बाथरूममध्ये गेली. कडी लावली. बादलीमागचा मग काढला, नळ सोडला, आणि मगातून पाणी वाहायला लागलं तरी तशीच उभी राहिली. मग तिने पाणी ओतून दिलं आणि तोंडावर हात दाबून रडून घेतलं. चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर भांडले, तो नसणार. कोणावर ओरडायचं? कोणाचं मोजायचं? तिला स्वतःसाठीच रडू येत होतं आणि हे तिला कळत होतं. मशिनवर तो निपचित पडायचा तेव्हाही ती बाहेरच्या बाकावर हेच घोकायची, जाऊ नका, जाऊ नका. त्याला काय हवंय हे तिने कधी विचारलं होतं? पाणी मोजलं, वजन मोजलं, पण विचारलं नव्हतं.

बाहेर येऊन तिने मुलीला पुन्हा फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, "मी आजच निघते. उद्या सकाळी पोचेन. आई, बाबा काय म्हणतायत? काही मागतायत का?"

"काकडी."

"काय?"

"काकडी मागतायत. न पिळलेली."

मुलगी आता रडायला लागली होती. "मग दे ना गं, आई."

फोन ठेवून तिने ओट्याकडे बघितलं. पिळलेल्या पाण्याची वाटी तिथेच होती. हिरवट, थोडा फेस धरलेली, जवळजवळ काठापर्यंत. नेहमीप्रमाणे मोरीत ओतायला तिने ती उचलली. आणि हात थांबला. एवढं पाणी! रोज एवढं तिने ओतलं होतं. आणि तो माणूस तिकडे खुर्चीत जीभ टाळ्याला चिकटवून बसलेला असायचा.

पाटावर एक काकडी उरली होती.

ती विळीवर बसली. आधी देठाकडचं टोक कापलं आणि तो तुकडा कापलेल्या जागेवर गोल गोल घासला. पांढरा फेस आला, तो पुसला. असं केल्याने कडूपणा जातो म्हणतात. जातो की नाही देव जाणे, पण आईने शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईने. मग एक पातळ चकती कापून स्वतः खाऊन बघितली. कडू नव्हती. साल अर्धी काढली, अर्धी ठेवली, पट्ट्यापट्ट्यांनी, मिस्त्रींना आवडायची तशी. चकत्या जाड केल्या. खोलगट वाटीत घातल्या. वर लिंबू पिळलं, बी काढून टाकली, चिमूटभर साखर, थोडी मिरपूड. आणि मग मिठाच्या डब्याचं झाकण उघडलं. त्या माणसासाठी या डब्यात चमचा घालायची तिची सवयच मोडली होती. तिने दोन बोटांत मीठ उचललं, थोडं परत टाकलं, पुन्हा उचललं आणि घातलं. वाटी दोन-तीनदा हलवून वरखाली केली.

बाहेर नेऊन मिस्त्रींच्या पुढ्यातली भुशाची ताटली उचलली आणि तिथे वाटी ठेवली. चमचा ठेवला.

मिस्त्रींनी वाटीत बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. चमचा मात्र उचलला नाही. "थांब जरा," म्हणाले, "सुटू दे."

हे ती विसरलीच होती. पूर्वी ती सकाळी सातला डब्यात काकडी भरायची, मीठ घालूनच. ताजी खायची तर मीठ ऐन वेळी घालावं, एवढं तिला कळत होतं, पण मिस्त्रींना ती सुटलेलीच हवी असायची. दुपारी कुठल्यातरी बांधकामावर डबा उघडला की निम्मी काकडी आणि निम्मं पाणी. आधी चकत्या खायच्या, मग डबा तोंडाला लावून तळाचं आंबट-खारट पाणी एका दमात प्यायचं. बरोबरचे कामगार हसायचे, दिवसभर पाण्यात लोळतो आणि वर पाणीच पितो.

ती समोर स्टुलावर बसली. दोघं त्या वाटीकडे बघत बसले, काकडीला पाणी सुटायची वाट बघत.

"दुखेल का?" तिने विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, झोप येत जाईल. दम लागला तर औषध आहे."

"मला भीती वाटते."

"मलाही वाटते," मिस्त्री म्हणाले. मग म्हणाले, "तो मग बाहेर आण."

"कुठला मग?"

"बादलीमागचा."

मिस्त्रीणबाईला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"चाळीस वर्षं पाइपातलं पाणी ऐकलंय मी," मिस्त्री म्हणाले. "कुठल्या मजल्यावर कोणी नळ सोडला ते भिंतीला कान न लावता सांगायचो. आणि माझ्याच घरात तू दिवसातून सहा वेळा दोन-दोन घोटांपुरता नळ सोडतेस, ते मला कळणार नाही? हात धुवायचं पाणी वेगळं वाजतं. उन्हाळ्यातसुद्धा सहाच वेळा. मला काय वाटत असेल? मी इथे तहानलेला, आणि माझ्यामुळे तू चोरासारखी तिथे."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होतो? माझ्यासमोर पी, म्हणालो असतो, तर तू प्यायली असतीस? आणि मला बघवलं असतं का, तेही ठाऊक नव्हतं." त्यांनी वाटी हलवून बघितली. चकत्या आता पाण्यात तरंगायला लागल्या होत्या. "आज बघवेल."

ती उठली. बाथरूममधला मग तिने नाही आणला. स्वयंपाकघरात जाऊन तिचं जुनं फुलपात्र मांडणीवरून काढलं, नव्या वॉशरच्या नळाखाली काठोकाठ भरलं आणि बाहेर आणलं. नळ बंद केल्यावर मागे एकही थेंब पडला नाही.

मिस्त्रींनी पहिली चकती तोंडात घातली आणि चावताना डोळे मिटून घेतले. कुडुम असा आवाज आला. या घरात तो आवाज चार वर्षांत आला नव्हता. एकेक करून, घाई न करता, त्यांनी सगळ्या चकत्या खाल्ल्या. दोन तिला दिल्या. मीठ जरा जास्त झालंय, असंही म्हणाले, आणि जित्याची खोड म्हणून ती चिडली. मग त्यांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली, डाव्या हाताचा भार उजव्यावर घेऊन, आणि तळाचं पाणी प्यायला तोंडाला लावली. अर्ध्यावर थांबले. तिच्या फुलपात्राकडे बोट दाखवलं.

"तू पी. मी एकटा नाही पिणार."

तिने फुलपात्र ओठाला लावलं. थोडं पाणी हनुवटीवरून गळ्यावर सांडलं. ती प्यायली. एक घोट, दुसरा, मग सगळंच. घशातून उतरताना आवाज होत होता आणि तो लपवायचा नव्हता. मिस्त्री वाटीच्या काठावरून तिच्या गळ्याकडे बघत होते, आणि या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. मग त्यांनी राहिलेलं पाणी संपवलं आणि वाटी खाली ठेवली.

मिस्त्रीणबाईने पदराने आधी त्यांचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. वाटीत चमचा घातला, फुलपात्र वाटीत ठेवलं आणि उठली. दोन पावलं गेली आणि दारात थांबली. पाठ त्यांच्याकडेच होती. विचारायचं ते तिला तोंड वळवून विचारता येणार नव्हतं.

"सोमवारी किती आणू?"

"चार आण," ते म्हणाले. "पोरगी पण असेल."